संत निकोलसच्या सणाला जन्मलेला वासिल

"मी अमेरिकेतल्या लोकांचे आजोबा शोधते."

इथे गल्फमध्ये, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवं कुटुंब राहायला आलं आणि लिफ्टमध्ये कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की चौदा वर्षं मी हेच उत्तर देत आले. समोरचा माणूस आधी हसायचा, मग मी हसत नाही हे बघून गप्प व्हायचा. आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "म्हणजे हरवलेले?" मी म्हटलं, "नाही हो, मेलेले." त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी जरा जपूनच बोलत.

नोकरी मात्र खरीच होती. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना आणि मध्ये आमचं गोडाऊनवजा ऑफिस. दुसऱ्यांचे जुने कागद सांभाळायचे, स्कॅन करायचे आणि त्यांची सूची बनवायची, हा कंपनीचा धंदा. बँकांच्या फायली, हॉस्पिटलांचे केसपेपर, बंद पडलेल्या कंपन्यांचे करारनामे. त्यात एके दिवशी अमेरिकेतल्या एका वारसा मंडळाचं काम आलं. आमचे मॅनेजर नायरसाहेब केबिनबाहेर येऊन म्हणाले, "इधर लॅटिन किसको आता है?" सगळे हसले. मी हात वर केला.

लग्नाआधी पाच वर्षं मी वसईला चर्चच्या ऑफिसात काम करत होते. गल्फला निघालेल्या पोरांना बाप्तिस्म्याचे दाखले काढून द्यायचे. त्यासाठी जुन्या वह्या चाळाव्या लागत, काही पोर्तुगीज, काही लॅटिन. त्यामुळे मला लॅटिन येतं ते जन्म, लग्न आणि मरण एवढ्यापुरतंच. पण तसं बघायला गेलं तर साध्या माणसाच्या आयुष्यातलं कागदावर तरी दुसरं काय येतं?

तर ते मंडळ होतं कार्पाथो-रुसिन लोकांचं. हे नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. युरोपच्या मधोमध कार्पाथियन नावाचे डोंगर आहेत, त्यांच्या उतारांवर राहणारे हे लोक. ओट आणि बटाटे पिकवायचे, मेंढ्या राखायच्या, लाकूड तोडायचं. स्वतःचं राज्य असं त्यांना कधी लाभलं नाही. एकाच घरात राहून माणूस एका देशात जन्मायचा, दुसऱ्यात म्हातारा व्हायचा आणि तिसऱ्यात मरायचा. घर जागच्या जागी, सरहद्द तेवढी घरावरून सरकत जायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यांच्यातले पुष्कळजण बोटीत बसून अमेरिकेला गेले, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत. तिथल्या कारकुनांनी कुणाला हंगेरियन लिहिलं, कुणाला ऑस्ट्रियन, कुणाला रशियन. घरी कुठली भाषा बोलता, असं विचारलं की ही माणसं म्हणायची, 'पो नाशोमू'. म्हणजे 'आपल्यासारखं'. हे वाचलं तेव्हा मला खुर्चीत बसल्या बसल्या हसू आलं. आमच्या भुईगावातल्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं, घरी काय बोलता, तर तेही म्हणायचे, "आपलंच."

खाणगावांतल्या त्यांच्या राहणीबद्दल तर मला काही वाचावंच लागलं नाही. एकेका घरात बारा-बारा पुरुष. पलंग एक आणि माणसं दोन. एक खाणीतून परत आला की दुसरा उठून कामाला जायचा. ऑफिसला जाताना मी रोज विजेच्या खांबांवर 'बेडस्पेस', म्हणजे भाड्याने एक खाट, असं लिहिलेल्या चिठ्ठ्या बघतच होते. चार वर्षं राबायचं, परत जायचं आणि जमीन घ्यायची, असं तेही ठरवून गेले होते. माझा नवरा विल्सन आणि मीसुद्धा दोन वर्षांसाठीच इथे आलो होतो. त्याला आता बावीस वर्षं झाली.

सुरुवातीला आमचं काम त्यांच्या गावांतल्या चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो बघून नुसती सूची बनवण्याचं होतं. पण सूची इंटरनेटवर दिसू लागल्यावर अमेरिकेतून लोकांचे प्रश्न यायला लागले. आमचे आजोबा कुठल्या गावचे? आजीचं माहेरचं नाव काय? मंडळाने ते प्रश्न आमच्याकडे धाडले आणि सूचीवाली बाई हळूहळू शोधवाली बाई झाली.

या कामाची रीत सोपी आहे. जवळून लांब जायचं. आधी अमेरिकेतलं थडगं, मग तिथल्या चर्चची वही, मग बोटीची यादी आणि सगळ्यात शेवटी त्या डोंगरातल्या गावाची वही. घोळ असतो तो नावांचा. समजा, एखाद्याचं नाव वासिल. गावच्या वहीत हंगेरियन पद्धतीने तो 'लास्लो' म्हणून नोंदला जायचा आणि अमेरिकेच्या खाणीत तोच 'चार्ल्स' व्हायचा. कागदावर तीन माणसं, घरच्यांसाठी एकच बाबा.

गिऱ्हाइकंही एकेक नग. ओहायोचे एक गृहस्थ होते. बंदरावरच्या कारकुनाने आपलं सुंदर आडनाव तोडून टाकलं, असं त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगत आले होते. मी त्यांना दाखवून दिलं की बंदरावरचे कारकून बोटीवरून आलेल्या यादीवर नुसती खूण करायचे. आडनाव त्यांच्या आजोबांनी स्वतःच कापलं होतं, मटणाच्या दुकानाच्या पाटीवर मावेना म्हणून. दुकानाचे दोन फोटोच होते, एक आधीचा आणि एक नंतरचा. त्यांनी मला लिहिलं, "वाळवंटात बसलेल्या बाईने माझ्या आजोबांवर आरोप करू नयेत." वर्षभराने त्यांचंच नाताळचं कार्ड आलं. त्यावर सही होती दोन्ही आडनावांची.

असे विजय पुष्कळ सांगता येतील, पण या लेखात मला माझी चूक सांगायची आहे.

डॉटी तेव्हा एक्क्याण्णव वर्षांची होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान खाणगावात राहायची. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, लग्न केलं नाही. तिची भाची कॅरन तिला व्हिडिओ कॉलसमोर बसवायची. आमची संध्याकाळ असायची तेव्हा त्यांची सकाळ, त्यामुळे डॉटी प्रत्येक वेळी कॉफीचा मग घेऊनच बोलायची.

तिचे वडील वासिल, म्हणजे कागदोपत्री चार्ल्स, ती चार वर्षांची असताना खाणीचं छत कोसळून गेले. आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडिलांना आधीच्या माणसाची पत्रं घरात नको होती, म्हणून आईने ती चुलीत घातली. डॉटीकडे वडिलांच्या दोनच गोष्टी उरल्या, दोन्ही आईने सांगितलेल्या. एक म्हणजे त्यांच्या गावाचं नाव कामेन्का. आणि दुसरी, त्यांचा जन्म संत निकोलसच्या सणाचा. सगळ्यांना वाटलं होतं पोराचं नाव निकोलसच ठेवणार, पण आजोबा हटून बसले आणि नाव वासिल पडलं.

"त्यांच्या थडग्यावर नुसता लोखंडी क्रॉस आहे," डॉटी मला म्हणाली. "नाव गंजून गेलंय. मला चांगला दगड बसवायचाय. पण माणूस कुठून आला तेच ठाऊक नसेल तर दगडावर लिहू काय? नुसतं 'खाणीत मेला'?"

कामेन्का म्हणजे दगडांचं गाव. आपल्याकडे जशी पिंपळगावं असतात, तशी त्या डोंगरांत कामेन्का. माझ्या यादीत पाच होती. आणखी एक धागा होता. खाणकामगारांच्या विमा मंडळाच्या एका कागदावर वासिलने आपल्या भावाचं नाव लिहिलं होतं, मिखाल.

पहिल्या कामेन्काच्या वहीत काही मिळालं नाही. दुसऱ्या कामेन्काच्या वहीत मला तो सापडला. लास्लो, आडनाव तेच, बाप यानोश, आई मारिया, जन्म सहा डिसेंबर. संत निकोलसचा सण सहा डिसेंबरला असतो हे मला कुणी सांगायला नको होतं, मी जन्माची ख्रिस्ती. मी इतक्या जोरात "मिळाला!" म्हणून ओरडले की पलीकडच्या टेबलावरच्या मीनाने दचकून चहा सांडला. हा मीना म्हणजे बाई नव्हे. आमच्या स्कॅनिंग मशिनी सांभाळणारा इजिप्तचा सहा फुटी ख्रिस्ती गडी. त्यांच्यात मीना हे पुरुषाचं नाव.

त्या घरात मिखाल नावाचा भाऊ मात्र सापडत नव्हता. मी मनाशी म्हटलं, चुलतभाऊ असेल. चुलतभावालाही माणूस भाऊच म्हणतो. आणि मृत्यूची वही मी उघडलीच नाही. बाळ सापडलं की ते पुढे जगलं का, हे त्या वहीत बघायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. नवीन मुलींना मीच तो शिकवायचे. पण त्या गावच्या मृत्यूच्या वह्यांची सूची अजून झाली नव्हती, पानं एकेक करून बघावी लागली असती, आणि मंडळाबरोबरचा करार संपत आल्यामुळे नायरसाहेबांना रिपोर्ट भराभर हवे होते. खरं सांगायचं तर ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या दिवशी मला फक्त डॉटीला सांगायची घाई झाली होती.

मी ऑक्टोबरमध्ये रिपोर्ट पाठवला. कॉलवर डॉटीने चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाली, "एक्क्याऐंशीव्या वर्षी सापडलं असतं तरी चाललं असतं. पण ठीक आहे." मग गोष्टी भराभर घडल्या. कॅरनने त्या कामेन्कामध्ये त्याच घराण्यातली आन्ना नावाची बाई शोधून काढली. आन्नाने डॉटीला 'आत्या' म्हणून पत्र लिहिलं आणि भरतकाम केलेला टॉवेल पाठवला. डॉटीने आपला फोटो पाठवला आणि दगडाची ऑर्डर दिली.

जानेवारीच्या सात तारखेला मी ऑफिसात आले तर मीना इस्त्रीचा शर्ट घालून बिस्किटांचा डबा वाटत फिरत होता.

"मॅडम, आज माझा ख्रिसमस. घ्या, आईने कैरोहून पाठवलीत." तो हिंदी, इंग्लिश आणि अरबी एकत्र कालवून बोलायचा.

मी बिस्कीट घेतलं, शुभेच्छा दिल्या. त्यांचा नाताळ जुन्या पंचांगाने सात जानेवारीला येतो हे मला माहीतच होतं. रुसिन लोकांचाही तसाच येतो, हे तर आमच्या सूचनापत्रात छापलेलं होतं. मी सहज थट्टा केली, "मीना, तुमचा येशू आमच्यापेक्षा तेरा दिवस लहान."

"येशूच कशाला, मॅडम?" तो म्हणाला. "आमचे सगळे संत उशिरा येतात. हबीबी, स्वर्गात ट्रॅफिक आहे!"

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता बिस्कीट हातात तसंच राहिलं.

"मीना, संत निकोलस कधी येतो तुमच्याकडे?"

त्याने मोबाईलवर बघितलं. "एकोणीस डिसेंबर. का?"

मी बिस्कीट टेबलावर ठेवलं. वहीत तारीख लिहायचे ते सरकारी म्हणजे नव्या पंचांगाने. पण डॉटीच्या आईने तारीख सांगितलीच नव्हती, तिने सण सांगितला होता. आणि त्या डोंगरातली माणसं सण जुन्या पंचांगाने पाळायची. आज दोन्हींत तेरा दिवसांचा फरक आहे, वासिल जन्मला त्या शतकात तो बारा दिवसांचा होता. सहा आणि बारा अठरा. मी शोधायला हवा होता अठरा डिसेंबरला जन्मलेला मुलगा, आणि शोधला सहा डिसेंबरचा, का, तर माझ्या चर्चमध्ये तसं असतं म्हणून!

त्या दिवशी मी जेवायला उठले नाही. आधी उघडली मृत्यूची वही, जी तीन महिन्यांपूर्वी उघडायला हवी होती. दुपारी तीनच्या सुमाराला ती ओळ सापडली. लास्लो, बाप यानोश, आई मारिया, तोच घरनंबर, वय आठ महिने. कारणाच्या रकान्यात 'खोकला'.

डॉटीच्या बापाच्या जागी मी एक मेलेलं बाळ ठेवलं होतं.

खरा वासिल शोधायला मग दोन दिवस लागले. तिसऱ्या कामेन्कामध्ये तो होता. अठरा डिसेंबर, आडनाव तेच, बाप यानोश, आई मारिया. हीच नावं त्या डोंगरांत घरटी एक तरी होतीच. पण इथे मृत्यूच्या वहीत त्याचं नाव नव्हतं आणि त्याच घरात त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ होता, मिखाल. काही दामटून बसवावं लागलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामेन्काच्या मध्ये एक अख्खा डोंगर होता.

मी नायरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "इसाबेल, टू वीक्स. कराराची सही हो जाने दो. उसके बाद जो भेजना है भेजो."

"सर, दगड कोरणारा आपल्या सहीसाठी थांबणार नाही."

"आणि करार गेला तर? ग्यारह लोग हैं इस प्रोजेक्ट पे."

हे मात्र मला लागलं. त्या अकरांत मीनाही होता. घरी आले तर विल्सन हमरियाहून, कामावरून, नुकताच आला होता, बूट काढत होता. मी दारातच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू वसईच्या चर्चमध्ये एखाद्याला चुकीचा दाखला दिला असतास तर काय केलं असतंस?"

"दुसऱ्या दिवशी सायकल काढून त्याच्या घरी गेले असते."

"मग?"

आमची मुलगी रेनी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल हर. शी इज नाइन्टी-वन, नॉट नाइन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी घरूनच फोन लावला. आधी मंडळाला ई-मेल टाकली होती, नायरसाहेबांना प्रत ठेवून, म्हणजे माघार घ्यायला वाव नको. कॅरन समोर आली तीच हसत. "इसाबेल, अगदी वेळेवर! दगड कालच तयार झाला."

"कोरून झाला?"

"झाला ना. सुंदर झालाय."

मी स्वयंपाकघरात उभी होते. ओट्याची कड धरली. "कॅरन, डॉटीला बोलाव. मला तुम्हा दोघींना काहीतरी सांगायचंय."

डॉटी आली, कॉफीचा मग घेऊन बसली. मी काही आडपडदा ठेवला नाही. माझी चूक झाली, पंचांग चुकलं, मृत्यूची वही बघितली नाही, गाव दुसरं आहे, बाळ दुसरं आहे. डॉटी ऐकत राहिली. कॅरनने तोंडावर हात ठेवला होता.

"म्हणजे दगड फुकट गेला," मी म्हटलं. "दगडावर काय कोरलंय, कॅरन? सगळं वाच."

कॅरनने फोनवरचा फोटो उघडला आणि वाचलं. वासिल, त्याचं आडनाव, मग दुसरी ओळ. 'संत निकोलसच्या सणाला कामेन्का गावी जन्म.' मग मृत्यूचं साल.

"जिल्हा?" मी विचारलं.

"जिल्हा नाही."

"सहा डिसेंबर?"

"नाही. मी घालायला सांगत होते, आत्या ऐकेना."

डॉटीने कॉफीचा मग खाली ठेवला. "रिपोर्टात तू तारीख लिहिली होतीस ते मी वाचलं," ती म्हणाली. "पण आईने मला कधी तारीख सांगितली नव्हती. तिला लिहिता-वाचता यायचं नाही, तारखा कुठून कळणार? सण मात्र तिचा एकही चुकायचा नाही. म्हणून म्हटलं, आई म्हणाली तेच कोरा. जिल्ह्याचं नाव तर मला बोलताही येत नव्हतं."

मला काय होतंय ते क्षणभर कळलंच नाही. दगडावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. माझा चार पानी रिपोर्ट चुकला होता आणि न शिकलेल्या बाईचं एक वाक्य, जे तिच्या मुलीने सत्त्याऐंशी वर्षं जसंच्या तसं सांभाळलं होतं, ते बरोबर निघालं होतं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विल्सनला वाटलं काहीतरी भलतंच झालं. तो धावत आत आला आणि मागून हात हलवून विचारू लागला, काय झालं, काय झालं? मी त्याला म्हटलं, "खलास! सुटले!"

करार गेला नाही. मंडळाने लिहिलं की चूक स्वतःहून कळवणारं ऑफिस त्यांना पाहिजेच होतं, आणि सूचनापत्रात सणांच्या तारखांचा नवीन तक्ता घातला. नायरसाहेबांनी ती ई-मेल छापून माझ्या टेबलावर आणून ठेवली. तो तक्ता मी आणि मीनाने बसून तयार केला होता.

सगळंच काही असं सुटलं नाही. त्यानंतर मी माझे जुने रिपोर्ट काढून बसले आणि जिथे जिथे सणावरून तारीख काढली होती तिथे पुन्हा तपासलं. आणखी एक चूक निघाली. एका म्हाताऱ्या शिक्षकाला मी त्याच्या आजीची चुकीची जन्मनोंद दिली होती. त्याला पत्र लिहिलं तर त्याच्या मुलाचं उत्तर आलं, वडील मागच्याच वर्षी गेले. जाताना ते कागद शवपेटीत बरोबर ठेवायला सांगितले होते. त्याचं मी काय करणार? अजून कधीमधी आठवतं.

डॉटीच्या बाबतीत दोन गोष्टी करायच्या राहिल्या होत्या. पहिली म्हणजे आन्नाला कळवणं. मी कॅरनला म्हटलं, तिला मीच लिहिते, चूक माझी आहे. डॉटी मध्येच म्हणाली, "तिला सांग, टॉवेल परत मिळणार नाही. आणि फोटो तिने परत पाठवायचा नाही. या वयात मी नातेवाईक कमी करत नसते." आन्नाचंही चार दिवसांत उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, आमच्या आजोबांना असा एक थोरला भाऊ होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. घरात कुणी कधी त्याचं नाव काढलं नाही. आत्याने आमची आत्याच राहावं.

ते पत्र कॅरनने वाचून दाखवलं तेव्हा डॉटीने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मला म्हणाली, "त्या बाळाचं थडगं असेल का गं कुठे?"

"नसणार. एवढ्या लहान बाळांना दगड लावत नसत."

"हं," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

बर्फ वितळल्यावर मे महिन्यात दगड बसवला. कॅरनने मला फोनवरून ते सगळं दाखवलं. डोंगरउतारावरचं दफनस्थान, मागे तीन आडव्या दांड्यांच्या क्रॉसचं चर्च, पंधरा-वीस माणसं आणि चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर आन्नाचा टॉवेल पसरून बसलेली डॉटी. इथे मी, विल्सन आणि रेनी जेवणाच्या टेबलावर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बसलो होतो. मीनाही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

फादरांनी दगडावर पवित्र पाणी शिंपडलं आणि मृतांसाठी गायची प्रार्थना सुरू केली. तिच्यात मृताचं नाव घ्यायचं असतं. त्यांनी वासिलचं नाव घेतलं. मग श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाले, "आणि बाळ वासिल."

गर्दीत जरा चुळबूळ झाली. प्रार्थना संपल्यावर टोपी हातात धरलेले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि डॉटीकडे वाकून विचारू लागले, "डॉटी, तुझ्या वडिलांचं नाव दोनदा का घेतलं? आणि हे बाळ कुठलं?"

डॉटीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती बोलते ती सगळ्यांना ऐकू जाईल असंच.

"तो तीन महिने माझा बाप होता," ती म्हणाली. "आठ महिन्यांचाच होता. पण चांगला होता."

आधी फादर हसले. मग सगळं दफनस्थान हसलं आणि इथे अल मनखूलमध्ये आम्ही चौघंही.